कर्नलचा कोड टेस्ट करताना या चुका टाळा

साधा यूजरस्पेसचा प्रोग्राम चुकला की सेगफॉल्ट येतो, प्रोग्राम मरतो आणि तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, असं होईलच याची खात्री नाही. फ्री केलेल्या मेमरीत लिहिलं तरी तो बरेचदा मुकाट पुढे चालतो, आणि फटका बसतो दोन तासांनी भलत्याच ड्रायव्हरला. म्हणून लिनक्स कर्नलमध्ये टेस्ट पास झाली याचा अर्थ एवढाच धरा, की कर्नल काही बोलला नाही. तो का बोलला नाही हे बघितल्याशिवाय त्या पासवर मी तरी विश्वास ठेवत नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका याच एका जागी होतात.

डीबगिंग चालू केलं, पण खरंच चालू झालंय का?

कॉन्फिगच्या (कर्नल बिल्ड करायच्या पर्यायांच्या यादीच्या) तुकड्यात केसॅन टाकलं, केसीसॅन टाकलं, लॉकच्या चुका पकडणारं लॉकडेप टाकलं, बाकीचे पर्याय डिफॉल्टने भरणारं ओल्डडेफकॉन्फिग मारलं, बिल्ड झाला, चला. इथेच फसगत होते. केसॅन मेमरीच्या चुका पकडतं आणि केसीसॅन डेटा रेस (दोन थ्रेड लॉकशिवाय एकाच वेळी एकाच मेमरीला हात लावतात ती चूक) पकडतं, पण ही दोन्ही एका कर्नलमध्ये एकत्र चालत नाहीत, केसीसॅनची अटच आहे की केसॅन बंद हवं. मग दोन्ही मागितली की एक गुपचूप गळून पडतं, कोणी एरर देत नाही, आणि तुम्ही आठवडाभर "डेटा रेस नाही" म्हणून खुश असता. बिल्डच्या आधी शेवटची डॉट कॉन्फिग फाइल उघडून त्यात हे पर्याय ग्रेपने शोधा. कर्नलच्या स्क्रिप्ट्समधलं मर्ज कॉन्फिग वापरलंत तर मागितलेलं काय मिळालं नाही ते ते स्वतःच सांगतं, फक्त तो आउटपुट वाचा. आणि बूट झाल्यावर यूनेम ही कमांड मारून बघा की चाललेला कर्नल आत्ता बिल्ड केलेलाच आहे ना. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आहे.

पहिली तक्रार झाली की पुढे सगळं शांत

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितलीय आणि हिचीच किंमत सगळ्यात मोठी असते. एका ड्रायव्हरची टेस्ट आम्ही रात्रभर लूपमध्ये लावली होती, ५०० फेऱ्या. सकाळी ५०० च्या ५०० पास. सीरियल कन्सोलचा लॉग फाइलमध्ये जात होता म्हणून वाचलो, तो वरपासून वाचायला घेतला तर पहिल्याच फेरीत लॉकडेपची वॉर्निंग पडलेली, तीही दुसऱ्याच एका सबसिस्टिमची, आमच्या कोडशी संबंध नाही. आणि लॉकडेपचा नियम असा की एकदा तक्रार केली की ते स्वतःला बंद करून घेतं. म्हणजे उरलेल्या ४९९ फेऱ्यांत लॉकडेप नव्हतंच. ती आधीची वॉर्निंग दुरुस्त करून पुन्हा लूप लावला तेव्हा आमच्या कोडमधला खरा डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकतात तो) पहिल्या दहा मिनिटांत सापडला.

तर हे करा: प्रॉकमध्ये (कर्नलची माहिती देणाऱ्या फोल्डरात) लॉकडेप स्टॅट्स नावाची फाइल असते, तिच्यात डीबग लॉक्सची ओळ बघा, तिथे १ हवा, ० दिसला तर लॉकडेप झोपलंय. टेस्टच्या शेवटी हा आकडा तपासा आणि ० असेल तर टेस्ट फेल करा. केसॅनचंही तसंच, डिफॉल्टने ते फक्त पहिली चूक सांगतं, सगळ्या हव्या असतील तर बूट करताना केसॅन मल्टी शॉट हा पर्याय द्यावा लागतो.

उलट चूक पण होते. लॉकडेप प्रत्यक्ष डेडलॉकची वाट बघत नाही, ते लॉकचा क्रम लक्षात ठेवतं. एका वाटेने आधी अ मग ब घेतलं, नंतर कधीतरी दुसऱ्या वाटेने आधी ब मग अ घेतलं, की लगेच ओरडतं, अडकायची गरज नाही. पण दोन्ही वाटा एकाच बूटमध्ये चालल्या पाहिजेत. प्रत्येक टेस्टनंतर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) रीबूट करायची सवय असेल तर हा शिकलेला क्रम दर वेळी पुसला जातो. म्हणून जोपर्यंत तक्रार नाही तोपर्यंत रीबूट नको, आणि तक्रार आली की मात्र लगेच रीबूट.

"आमच्याकडे तर कधीच अडकलं नाही"

स्पिनलॉक (ज्यासाठी सीपीयू न झोपता फिरत वाट बघतो असा लॉक) घेतलाय आणि आत जीएफपी कर्नल हा फ्लॅग देऊन केमॅलॉक केलंय, म्हणजे मेमरी मागितलीय. हे चूक आहे, कारण ते केमॅलॉक झोपू शकतं (मेमरी मिळेपर्यंत थांबू शकतं) आणि स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं. पण टेस्ट मशीनवर मेमरी मोकळी असते, केमॅलॉकला झोपावं लागतच नाही, टेस्ट हजार वेळा पास होते, आणि मग ग्राहकाच्या भरलेल्या मशीनवर सगळं गोठतं. डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप हा कॉन्फिग चालू ठेवा. मग प्रत्यक्ष झोप लागो न लागो, अशा जागी झोपू शकणारं फंक्शन बोलावलं की कर्नल बोंब मारतो.

एरर पाथ, म्हणजे कधीच न चाललेला कोड

ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडलं की चालणाऱ्या) पाच ठिकाणी गोटू असतात, काहीतरी फेल झालं की मागे जात जात सगळं सोडायचं. या ओळी लिहिणारा त्या कधी चालवून बघत नाही, कारण छोटं जीएफपी कर्नल अ‍ॅलोकेशन खऱ्या आयुष्यात जवळपास फेल होतच नाही. मग कधीतरी फेल झालं की डबल फ्री, म्हणजे एकच मेमरी दोनदा सोडली जाते.

यासाठी कर्नलमध्ये फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम फेल घडवून आणणं) आहे, आणि त्यातलं फेल एनटीएच तर प्रत्येकाने वापरावंच असं आहे. प्रॉकमधल्या आपल्या थ्रेडच्या त्याच नावाच्या फाइलमध्ये १ लिहायचं, सिस्टिम कॉल करायचा, त्या कॉलमधलं पहिलं अ‍ॅलोकेशन फेल होतं. मग २, मग ३, असं वाढवत जायचं. कॉलनंतर फाइल वाचली की ० आलं तर फॉल्ट बसला, त्याहून मोठा आकडा आला तर एवढी अ‍ॅलोकेशन त्या कॉलमध्ये नव्हतीच, म्हणजे संपलं. एक छोटा लूप, आणि एकही अ‍ॅलोकेशन फेल करून बघायचं राहत नाही.

पण इथेही एक सापळा आहे. डीबगएफएसमध्ये (डीबगिंगच्या फाइल्सच्या फाइलसिस्टिममध्ये) फेलस्लॅबच्या, म्हणजे अ‍ॅलोकेशन फेल करणाऱ्या भागाच्या, फोल्डरात इग्नोर जीएफपी वेट नावाची फाइल असते, तिचं डिफॉल्ट वाय आहे, म्हणजे झोपू शकणारी अ‍ॅलोकेशन सोडून दिली जातात, आणि तुमच्या ड्रायव्हरमधली बहुतेक तशीच असतात. तिच्यात एन लिहिल्याशिवाय तुम्ही जवळपास काहीच टेस्ट करत नाही.

एरर पाथमध्येच आणखी एक. यूजरस्पेसमधून डेटा आणणारं कॉपी फ्रॉम यूजर हे फंक्शन एरर कोड देत नाही, किती बाइट कॉपी झाले नाहीत तो आकडा देतं. कोणीतरी तो आकडा आयऑक्टल या सिस्टिम कॉलमधून तसाच परत करतो, समजा १६. टेस्ट बघते की उत्तर शून्यापेक्षा लहान आहे का, १६ लहान नाही, पास! टेस्टमध्ये मुद्दाम वाकडा पत्ता द्या आणि एररनो नेमका ईफॉल्ट (चुकीचा पत्ता) आलाय का ते तपासा, "काहीतरी फेल झालं ना" एवढ्यावर थांबू नका.

केयुनिटमध्ये एक्स्पेक्ट आणि असर्ट

केयुनिट, म्हणजे कर्नलची युनिट टेस्टची चौकट, ५.५ पासून कर्नलमध्येच आहे, सेकंदांत चालतं, वापरा. फक्त एक्स्पेक्ट फेल झालं तरी टेस्ट पुढे चालते आणि असर्ट फेल झालं की तिथेच थांबते, हा फरक डोक्यात पक्का हवा. पॉइंटर नल आहे का हे एक्स्पेक्टने तपासलं आणि पुढच्या ओळीत तोच पॉइंटर वापरला, की थेट ऊप्स, म्हणजे कर्नलचा क्रॅश. उलट बाजूला, म्यूटेक्स (एक प्रकारचा लॉक) घेऊन मधे असर्ट लिहिलं आणि ते फेल झालं, तर अनलॉकची ओळ चालतच नाही, आणि पुढची टेस्ट त्या म्यूटेक्सवर लटकते. मग सगळे त्या बिचाऱ्या पुढच्या टेस्टमध्ये चूक शोधत बसतात. साफसफाई केयुनिट अ‍ॅड अ‍ॅक्शनने नोंदवून ठेवा, टेस्ट कशीही संपली तरी ती चालते.

केसेल्फटेस्टचं (यूजरस्पेसमधून चालणाऱ्या कर्नलच्या टेस्टचं) एवढंच सांगतो: एक्झिट कोड ४ म्हणजे स्किप. स्किपला पासमध्ये मोजू नका.

एकाच सीपीयूवर रेस शोधणं

केयुनिट नेहमीच्या सेटिंगमध्ये यूजर मोड लिनक्सवर (साध्या प्रोग्रामसारख्या चालणाऱ्या कर्नलवर) चालतं, म्हणजे एकच सीपीयू. तिथे लॉकिंगची टेस्ट पास झाली तर त्याला फारसा अर्थ नाही. आर्किटेक्चर एक्स८६-६४ देऊन क्यूईएमयू या एम्युलेटरवर चालवा आणि क्यूईएमयूला ८ सीपीयू द्या. शक्य असेल तर एआरएम६४ च्या खऱ्या बोर्डवर पण, कारण एक्स८६ मेमरीचा क्रम बराच कडक पाळतं आणि विसरलेला बॅरियर (मेमरीचा क्रम पाळायला लावणारी सूचना) तिथे लपून जातो. रेस किती काळ लपू शकते त्याचं उदाहरण म्हणजे डर्टी काऊ ही सुरक्षेची त्रुटी, २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होती, दुरुस्त झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये, आणि तोवर जगभरची मशीनं त्याच कोडवर चालत होती.

आणि रेस शोधताना प्रिंटके (कर्नलचा प्रिंट) पेरू नका, सीरियल कन्सोलवर प्रिंटके इतकं हळू असतं की वेळेचं गणित बदलतं आणि बग गायब होतो, मग लोकांना वाटतं सुटला. ट्रेस प्रिंटके वापरा, ते कन्सोलऐवजी मेमरीतल्या बफरमध्ये लिहितं.

पुरावा हातात ठेवा

पॅनिक झाला, म्हणजे कर्नल पूर्ण थांबला, की एसएसएच मरतं आणि डीमेसेज (कर्नलचा लॉग) वाचायला कोणी उरत नाही. कन्सोल टीटीवायएस० या सीरियल पोर्टवर काढा आणि फाइलमध्ये साठवा. टेस्टच्या व्हीएममध्ये पॅनिक ऑन वॉर्न लावा. आणि टेस्टच्या आधी आणि नंतर प्रॉकमधली टेंटेड फाइल वाचा: ५१२ ची भर पडली तर कुठेतरी वॉर्निंग आली, १२८ ची पडली तर ऊप्स. मात्र लॉकडेपची तक्रार तिथे दिसेल यावर विसंबू नका, त्यासाठी वर सांगितलेला डीबग लॉक्सचा आकडाच बघा.

राहिलं लीक. लीक शोधणारं केमेमलीक चालू आहे आणि काही सापडत नाही, तर टेस्टला वेळ किती लागतो ते बघा. त्याचं पहिलं स्कॅन आपोआप होतं ते बूटनंतर मिनिटभराने, पुढे दर १० मिनिटांनी, आणि तुमची व्हीएम ३० सेकंदांत बंद होत असेल तर ते एकदाही चाललेलं नाही. त्याच्या फाइलमध्ये स्कॅन असं लिहून हाताने चालवा, पण ५ सेकंदांपेक्षा नवीन ऑब्जेक्ट ते धरत नाही म्हणून आधी थोडं थांबा. आणि स्कॅन आरएममॉडच्या (मॉड्यूल काढायच्या कमांडच्या) नंतरही करा, कारण मॉड्यूल लोड असेपर्यंत त्याच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये पॉइंटर असतो आणि केमेमलीकला वाटतं की मेमरी वापरात आहे. मॉड्यूल निघालं की तो पॉइंटर जातो आणि सोडायची राहिलेली मेमरी उघडी पडते.