नसेला इजा झालीय? डॉक्टर शोधताना या चुका टाळा

आपल्याकडे घोळ शब्दापासूनच सुरू होतो. रक्तवाहिनी ती नस, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा तीही नस, आणि मेंदूचा निरोप हातापायाकडे नेणारा मज्जातंतू तोही नसच. ‘नसांचे डॉक्टर’ अशी पाटी बघून आत जावं, तर ते पायाच्या फुगलेल्या शिरांवर उपचार करणारे निघतात. म्हणून ‘नस दुखावली’ एवढंच सांगू नका. कुठे बधिर आहे, कोणतं बोट उचलत नाही, ते दाखवा.

माझ्या मावसभावाची गाडी घसरली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड दीड महिन्यात जुळलं, हात मात्र लोंबतच राहिला. चालताना हेलकावे बसू नयेत म्हणून तो मनगट खिशात खोचून ठेवायचा. ‘येईल हळूहळू, गोळ्या चालू ठेवा,’ हे ऐकण्यात आठ महिने गेले. गोळ्या बी-१२ च्या. तुटलेली नस त्यांनी जुळत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, नुसतं थांबणं. नस वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर. तिकडे निरोप न मिळालेला स्नायू वाळत जातो. वर्ष-दीड वर्षानंतर नस तिथे पोहोचली तरी तो बहुधा जागा होत नाही. मानेपासून हाताकडे जाणाऱ्या नसांना गाडीच्या अपघातात हिसका बसला आणि हालचाल परतत नसेल, तर शस्त्रक्रियेसाठी ३ ते ६ महिने हा चांगला काळ. अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या महिन्यातच दाखवून ठेवा. काच किंवा कोयता लागून बोट बधिर झालं असेल तर काही दिवसांतच दाखवायला हवं. नुसती कातडी शिवून घरी येऊ नका.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असं मुळीच नाही. दंडाचं हाड मोडून मनगट लुळं पडलं, तर बऱ्याच जणांची ताकद आपोआप परत येते. पण दर महिन्याला कुणीतरी स्नायूंची ताकद तपासून लिहून ठेवायला हवी.

न्यूरॉलॉजिस्ट निदान करतात, शस्त्रक्रिया करत नाहीत. ती कुणी प्लॅस्टिक सर्जन करतात, कुणी हँड सर्जन, न्यूरोसर्जन किंवा ऑर्थोपेडिक सर्जन. डिग्रीवरून कळणार नाही. न्यूरोसर्जनचं बहुतेक काम मेंदू-मणक्याचं असू शकतं. सरळ विचारा: हातापायाच्या नसा तुम्ही मायक्रोस्कोपखाली जोडता का? वर्षाला अशा किती केसेस करता? तुटलेल्या टोकांमध्ये अंतर पडलं असेल तर पायातली नस घेऊन जोडता का, की शेजारची चालू नस वळवता? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

एनसीव्ही-ईएमजी, म्हणजे नसा आणि स्नायूंची विद्युत तपासणी, पहिल्याच आठवड्यात करून निश्चिंत होऊ नका. सुमारे ३ आठवड्यांनी केलेली तपासणी जास्त खरं सांगते. जोरकस मालिश नको. बधिर कातडीला शेक तर नकोच, भाजलेलं कळत नाही. फिजिओथेरपी मात्र पहिल्या दिवसापासून विचारा, सांधे आखडले तर परत आलेली ताकदही वाया जाते.

मावसभावाची शस्त्रक्रिया नवव्या महिन्यात झाली. कोपर आता वाकतं, खांदा वर जात नाही. त्या सर्जननी फाईल उघडून पहिल्यांदा अपघाताची तारीख शोधली होती आणि ती कुठेच नव्हती. तुमच्या फाईलवर ती सगळ्यात वर, ठळक लिहा. सोबत हाताचे दर पंधरा दिवसांचे मोबाईलवर काढलेले व्हिडिओ ठेवा.