बॅटरीवरची चेनसॉ कापत नसेल तर आधी भुसा बघा

काजू-आंब्याच्या फांद्या छाटताना करवत मध्येच दमली की आपण बॅटरीला बोल लावतो. बहुतेक वेळा दोष साखळीचा असतो. खाली पडलेला भुसा चिमटीत घ्या. जाडसर छिलके असतील तर धार ठीक आहे. पिठासारखा बारीक असेल तर दात बोथट झालेत. अशा साखळीला जोर लावून दाबलं की मोटर तापते, बॅटरी झरझर उतरते आणि करवत आपोआप बंद पडते.

बॅटरी काढा, हातमोजे घाला, मगच साखळीला हात लावा. दोन मिनिटांचं काम असलं तरी! कानस गोल हवी आणि साखळीच्या मापाची; छोट्या करवतींना बहुधा ४ मिमीची लागते. प्रत्येक दाताला आतून बाहेर, सारखेच हात द्या.

साखळी सैल झाली तर थंड होऊ द्या, मग ताणा. गरम असताना आवळलेली साखळी थंड होताना आक्रसते आणि बारवर (ज्या पट्टीभोवती साखळी फिरते तिच्यावर) घट्ट बसते.

टाकीत तेल असूनही साखळी कोरडी दिसते? बार काढून खाचेतला तेलकट भुसा तारेने खरवडा, तेलाचं भोक मोकळं करा. ओल्या, चिकाच्या लाकडाने ते लवकर बुजतं. गाडीचं काढलेलं काळं ऑइल मात्र घालू नका.

करवत सुरूच होत नसेल तर हँडलपुढचा ब्रेक पुढे ढकललेला राहिलाय का पाहा. तो मागे ओढा.

पावसाळ्यात बॅटरी निम्मी चार्ज करून, करवतीतून काढून, कोरड्या जागी ठेवा.