सबवूफरचा क्रॉसओव्हर लावताना आधी मागचा नॉब बघा

होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर ज्याला जोडतो तो ॲम्प्लिफायर) क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीखालचा बास स्पीकरऐवजी सबवूफरकडे जातो ती, ठरवणार असाल, तर सबवूफरच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब आधी पूर्ण वर फिरवा, किंवा सबवूफरचा स्वतःचा फिल्टर वगळणारं एलएफई इनपुट वापरा. नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात आणि मधला बास नाहीसा होतो. हे हमखास राहून जातं. मग स्पीकर, दिसायला मोठे असले तरी, रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ‘स्मॉल’वर (म्हणजे खालचा बास सबवूफरकडे) ठेवा आणि ८० हर्ट्झपासून सुरुवात करा. अगदी छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १०० ते १२०. त्यापुढे बास कुठून येतोय ते कानाला कळायला लागतं.

आता भारदस्त पुरुषी आवाजातला एखादा संवाद लावा आणि डोळे मिटून ऐका. आवाज पडद्याऐवजी सबवूफरच्या कोपऱ्यातून आल्यासारखा वाटला, तर १० हर्ट्झ खाली या. पोकळ वाटला तर थोडं वर.