आपल्याच वकिलाविरुद्ध तक्रार करण्याआधी आणि करताना

आमच्या वाटणीच्या दाव्यात वकीलसाहेब दर खेपेला एकच सांगायचे, "ताई, तारीख पडली." मग भाच्याने ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर, सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा वेगळा क्रमांक) टाकला, तेव्हा कळलं की दावा आठ महिन्यांपूर्वीच गैरहजेरीमुळे निकाली निघालाय. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तक्रार लिहायला बसले. ते चुकलं. आधी दावा वाचवायचा असतो.

असा दावा पुन्हा फायलीवर घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते. ती उलटली असेल तर सोबत विलंबमाफीचा अर्ज लागतो. वकिलाच्या कसुरीचा फटका निर्दोष पक्षकाराला बसू नये, असं सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलंय. नव्या वकिलांनी तोच आधार घेतला. पण कोर्ट हेही बघतं की तुम्ही स्वतः एवढे दिवस काय करत होतात. तिथे माझे जुने मेसेज कामी आले. फोनमधलं काहीही पुसू नका.

जुन्या वकिलांनी ना-हरकत दिली नाही, तर वकील बदलायची परवानगी कोर्टाकडे मागता येते. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच स्पष्ट केलंय. फाइल लेखी मागा, पोच घ्या.

मग रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाने ठेवलेली नोंद. नक्कल अर्ज करून त्याची प्रमाणित प्रत काढा. मी वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला रोजनाम्यातली तारीख आणि नोंद, दुसऱ्या बाजूला त्याच दिवशी मला काय कळवलं गेलं ते. एका ओळीत 'वादी व वकील गैरहजर', आणि समोर त्याच संध्याकाळचा मेसेज, 'आज काम झालं, पुढची तारीख घेतली'. अशा चार ओळी निघाल्या. माझी सगळी तक्रार त्या चार ओळींवर उभी आहे.

खटला हरलो, सल्ला पटला नाही, एवढ्यावर गैरवर्तन ठरत नाही. खोटी माहिती देणं, पक्षकाराचे पैसे स्वतःकडे ठेवणं, विरुद्ध बाजूला सामील होणं, यांना गैरवर्तन म्हणतात. तुमचा राग कुठल्या खान्यात बसतो ते आधी प्रामाणिकपणे ठरवा.

वकिलाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, ज्या राज्याच्या बार कौन्सिलची (वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणारी संस्था), तिथे ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार करायची; आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. ती मराठीत चालते. सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याची लेखी ग्वाही) मात्र हवंच. विशेषणं लिहू नका. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'विश्वासघातकी' हा शब्द सहा वेळा होता, नव्या वकिलांनी सगळे काढले आणि तारखा ठेवल्या. प्रकरण शिस्तपालन समितीपुढे गेलं, तर ताकीद, काही काळ निलंबन किंवा सनदच रद्द, इथपर्यंत शिक्षा होऊ शकते.

यातून नुकसानभरपाईची अपेक्षा धरू नका. तिच्यासाठी दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो. ग्राहक आयोगाचा रस्ता १४ मे २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बंद झाला, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. त्याआधीचे लेख वाचून कुणी तिकडे धावू नये म्हणून मुद्दाम सांगतेय.

बार कौन्सिलकडे वर्षभरात निकाल लागला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. शिस्तपालन समितीचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत तिथेच अपील करता येतं. माझ्या तक्रारीला सात महिने झालेत. दावा मात्र फायलीवर परत आलाय आणि पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी आहे.