चुलीतली राख पावसात भिजू देऊ नका

दसरा उलटला की आरेच्या पाड्यांवर आणि गोराई-मनोरीच्या वाड्यांत मुळा, माठ, वांगी, वालाची तयारी सुरू होते. चार महिने धो धो पाऊस झेललेल्या जमिनीतलं पालाश, म्हणजे पोटॅश, बरंच धुऊन गेलेलं असतं. पोटॅशची गोण आणण्याआधी चुलीकडे बघा.

नारळाची सोडणं, झावळ्या, वाळलेले केळीचे खुंट यांच्या राखेत पालाश चांगलं असतं. ते पाण्यात चटकन विरघळतं, आणि आपण चुकतो ते इथेच. मी एकदा राखेचं पोतं पागोळ्यांखाली ठेवलं. पावसाळाभर पिवळसर पाणी अंगणात ओघळत राहिलं आणि शेवटी हाती उरला तो बहुतेक चुनाच. तेव्हापासून राख झाकणाच्या पिंपात जाते.

पालाश काढायची रीत सोपी आहे. राख चाळून कोळसे, खिळे काढा. प्लॅस्टिकच्या बादलीत एक भाग राख, दहा भाग पाणी घालून ढवळा. रात्रभर निवळू द्या आणि सकाळी वरचं पाणी फडक्यातून गाळा. अॅल्युमिनियमचं भांडं नको, ते खाल्लं जातं. हळदीच्या पाण्यात या निवळीचा थेंब टाकलात तर लाल होतो, कुंकवासारखा. इतकं ते जहाल असतं, म्हणून हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा. पुन्हा दहापट साधं पाणी मिसळून, फुलोऱ्याआधी एकदा, ओल्या मातीत बुंध्यापासून वीतभर लांब द्या. पानांवर शिंपडू नका.

तळाचा गाळ वाळवून डोंगरउताराच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत थोडा मिसळा. खाडीकाठच्या खाजण जमिनीत राख मुळीच नको, तिथे आधीच क्षार जास्त. अनंत, एक्झोरा यांनाही ती सोसत नाही. युरियाबरोबर मिसळलीत तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

भाताच्या तुसाची राख वेगळी. 100 किलो तूस जाळलं की साधारण 20 किलो राख उरते आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते. सिलिका साध्या पाण्यात उतरत नाही, ती काढायला दाहक सोडा लागतो. घरी हा उद्योग करू नका. काळी राख तशीच मातीत मिसळा, माती भुसभुशीत होते. चाळताना नाकाला फडकं बांधा.

राखेसाठी म्हणून पालापाचोळा पेटवू नका. त्यातलं नत्र धुरात जातं, आणि मुंबईत उघड्यावर कचरा जाळायला बंदीही आहे. पाला खतखड्ड्यात टाका, राख घ्या ती रोजच्या चुलीतली. रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूड जळालं असेल, तर ती राख भाजीला घालू नका.