पाचोरा–जळगाव अपडाऊन: जागा कशी मागावी, कशी सोडावी

चौदा वर्षं रेल्वेने पाचोरा–जळगाव अपडाऊन करतेय. नव्याने पास काढलेल्या पोरी विचारतात, "ताई, बसायला मिळतं का?" मिळतं, पण मागता आलं पाहिजे.

चढल्यावर आधी दारातून आत सरका. परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली, सगळीकडे माणसं चढतात आणि पाठीवर सॅक घेऊन दारात उभा राहिलेला एकटा सगळ्यांना अडवतो. सॅक छातीशी घ्या.

आता जागा. नुसतं "सरका" म्हणून अंग घुसवलं की लोक मुद्दाम ऐसपैस बसतात. आधी विचारपूस करा, "कथा चालना, भो?" बाई असेल तर "कथा चालनी, माय?" अहिराणी येत नसेल तर "कुठवर, काका?" चालतं. म्हसावदला उतरणार असतील तर आधी कुणी विचारून ठेवलंय का, तेही विचारा, मगच समोर उभं राहा. लांबचे निघाले तर "जरा टेकू द्या ना" म्हणा. आणि टेकायला मिळालं की टेकूनच बसा. दोन मिनिटांनी हळूहळू मागे सरकून खिडकीतल्याला चेपायचं नाही.

एसटीत खिडकीतून टाकलेला रुमाल आपल्याकडे सगळे मानतात. रेल्वेत नाही. पहिल्याच आठवड्यात मी टाकला होता. एका आजींनी त्यानेच बाक पुसला आणि बसल्या.

पाचोऱ्यापासून बसून आलात तर म्हसावदला उठा, उभ्या माणसाला बसवा. आमच्या डब्यात ही रीतच आहे. मोबाईलमध्ये मान घालून म्हसावद आलंच नाही असं दाखवणारे दोघं-तिघं आहेत, त्यांना सगळे ओळखून आहेत.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. सकाळी जाताना ऊन उजव्या हाताला, संध्याकाळी येतानाही उजव्याच. तरी शटर ओढण्याआधी समोरच्याला विचारा, उन्हासोबत वाराही बंद होतो. केळीचं साल पिशवीत ठेवा, बाकाखाली नको.

शेवटचं, पास जनरल डब्याचा आहे. आरक्षित डब्यात शिरून "उठा, उजाडलं" म्हणत झोपलेल्यांचे पाय सरकवू नका. एकदा मुंबईहून रात्रभर प्रवास करून येत होते. चाळीसगावला एकाने मला असंच उठवलं. पाचोरा यायला अजून अर्धा-पाऊण तास होता आणि तो मला पास दाखवत होता.