गेटची नक्षी सांगताना ‘गोल’ म्हणू नका

पारोळ्याकडच्या एका आप्पांनी फोनवर सांगितलं, ‘गेटवर गोल गोल डिझाइन टाका.’ मी टाकलं. लोखंडी पट्टीच्या चौदा कड्या वळल्या, रेड ऑक्साइड मारलं, टेम्पोत घालून पोचवलं. आप्पा गेटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘भाऊ, हाई काय शे?’ त्यांना हवी होती चकली. चौदाच्या चौदा कड्या कापाव्या लागल्या, टेम्पोचं भाडं माझ्याच अंगावर पडलं. तेव्हापासून अमळनेरच्या आमच्या दुकानात ‘गोल’ हा शब्द चालत नाही.

त्या नक्षीला वेटोळं म्हणा. साप घालून बसतो तेच. रेघ स्वतःभोवती फिरत आत जाते, टोक टोकाला मिळत नाही. मिळालं की कडी झाली. नागमोडी रेघ डावी-उजवी वळत पुढे जाते, आत शिरत नाही. वेलबुट्टी म्हटलंत तर पानंफुलंही आली, त्यांचे पैसे मी लावणारच.

आमच्या धंद्यात वेटोळ्याला ‘स्क्रोल’ म्हणतात, मूळ अर्थ गुंडाळलेला कागद. पट्टीची दोन्ही टोकं एकाच बाजूला वळली तर ‘सी’, उलटसुलट वळली तर ‘एस’. एकदा धुळ्याच्या एका इंजिनिअरच्या नकाशावर ‘व्होल्यूट’ लिहून आलं. हा शब्द लॅटिनमधल्या ‘गुंडाळणे’वरून आला. ग्रीसच्या आयोनिक खांबांच्या माथ्यावर डावी-उजवी वेटोळी असतात, ती व्होल्यूट. बंगल्याच्या खांबाला प्लास्टरची तशी काढायची असतील तर गवंड्याला हा शब्द चित्रासकट सांगा. गेटवाल्याला सांगू नका.

पुढचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: चकली की शंख? चकलीत दोन फेऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं. शंखात ते बाहेर येताना वाढत जातं. हा घोळ मोठ्या माणसांनाही सुटला नाही. याकोब बर्नुली नावाचे स्विस गणितज्ञ १७०५ साली वारले. आपल्या स्मारकावर शंखाचं वेटोळं कोरावं अशी त्यांची इच्छा होती. बाझलच्या पाथरवटाने कोरलं चकलीचं! ते आजही तसंच आहे. माझ्या कड्या निदान कापता तरी आल्या.

डावं-उजवं सांगायला आमच्या वडिलांची युक्ती वापरा. दोन पल्ल्यांवरची वेटोळी आरशातल्यासारखी समोरासमोर हवीत. दादा डाव्या पल्ल्याच्या तुकड्यावर खडूने ‘पहिली’ लिहायचे, उजव्याच्या तुकड्यावर ‘दुसरी’. म्हणजे पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी. शाळेत ऱ्हस्व-दीर्घात मार खाल्लेली पोरंसुद्धा यात चुकत नाहीत.

घरी आखून पाहायचं असेल तर १० मिमीची सळई फरशीवर उभी धरा. तिला दोरा गुंडाळा, सुट्या टोकाला खडू बांधा आणि दोरा ताणून धरत सोडत जा. दर फेऱ्याला रेघ साधारण ३१ मिमी बाहेर सरकेल, कारण सळईचा घेर तेवढाच. चकली तयार.

पट्टी किती लागेल? बाहेरचा आणि आतला व्यास मिळवा, निम्मे करा, ३.१४ ने आणि फेऱ्यांनी गुणा. बाहेर १५० मिमी, आत ३० आणि फेरे दोन असतील तर ९० × ३.१४ × २, म्हणजे ५६५ मिमी. विश्वास नसेल तर रेघेवर सुतळी ठेवून मोजा. पकडीसाठी ५० मिमी जास्त घ्या. २० बाय ५ मिमीची पट्टी मीटरला ७८५ ग्रॅम भरते, म्हणजे एक वेटोळं साधारण अर्धा किलो. कोणी वजनावर भाव सांगितला तर हा हिशेब हाताशी ठेवा.

वळताना आधी पट्टीच्या टोकाला ठोकून मुरड घाला, करंजीला घालतो तशी. ती मुरड डायच्या, म्हणजे वेटोळ्याच्या लोखंडी साच्याच्या, मधल्या खाचेत अडकवायची आणि पट्टी ओढत न्यायची. २० बाय ५ थंडच वळते. १२ मिमीच्या चौकोनी सळईला गॅसने लाल करावं लागतं. मे महिन्यात हे काम सकाळी दहाच्या आत उरका, नंतर उन्हात पडलेल्या पट्टीला हात लावणं मुश्कील. आणि थंड वळलेली पट्टी सोडली की थोडी उघडतेच. म्हणून डाय हवी त्यापेक्षा जरा आवळ बनवा. किती आवळ, ते पहिला तुकडा वळून बघा, मग बाकीचे कापा.